औषधी वनस्पतींची गुणवत्ता आणि कवकमूल

औषधी वनस्पतीचे पीक जोमदार आले, एवढ्यावरून ते औषध म्हणूनही सकस ठरले, असे अनुमान काढता येत नाही. औषधाचे मोल पाल्याच्या वजनावर नसून त्यातील क्रियाशील द्रव्यावर अवलंबून असते. समजा, १०० ग्रॅम वाळलेल्या पानांत हे द्रव्य ०.८ टक्के आहे; म्हणजे ते ०.८ ग्रॅम भरेल. खताने पाला १५० ग्रॅम झाला, पण प्रमाण ०.५ टक्क्यावर उतरले, तर हाती ०.७५ ग्रॅमच येईल. म्हणून मृदेतील उपकारक सूक्ष्मजीवांची परीक्षा करताना वाढ व गुणवत्ता हे दोन प्रश्न पृथक् ठेवणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने आर्टेमिसिया ॲन्युआ ही वनस्पती उद्बोधक आहे. आपल्या दवण्याच्याच प्रजातीतील ही जाती होय. तिच्यातील आर्टेमिसिनिन हे हिवतापनाशक द्रव्य चीनमध्ये थू योयो यांच्या गटाने १९७२ साली वेगळे केले. या कार्याबद्दल थू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. हे द्रव्य पानांवरील दहा पेशींच्या ग्रंथिल रोमांत तयार होऊन साठते. पानांत त्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने थोडीशी वाढही मोलाची ठरते.

कवक आणि मूळ यांच्या सहजीवनास कवकमूल म्हणतात. मुळांच्या पोहोचीपलीकडे पसरलेले कवकतंतू स्फुरद आणून देतात. मोबदल्यात कवकास शर्करा व मेदद्रव्ये मिळतात. तेव्हा साहजिकच शंका येते, की कवकाचा गुण म्हणजे केवळ स्फुरदाचाच गुण नव्हे काय?

दिल्ली विद्यापीठातील रूपम कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले संशोधन याच शंकेस हात घालते. ग्लोमस मॅक्रोकार्पम व ग्लोमस फॅसिक्युलेटम या कवकांच्या संसर्गाने झाडांची वाढ तर झालीच, शिवाय पानांतील आर्टेमिसिनिनचे प्रमाणही वाढले. ग्रंथिल रोमांची दाटी व द्रव्याचे प्रमाण यांत निकटचा संबंध आढळला. ही वाढ सर्वस्वी स्फुरदपोषणामुळे झाली, असे मानता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच गटाच्या २०१५ च्या अभ्यासात जॅस्मोनिक अम्लाची वाढलेली पातळी व द्रव्यनिर्मितीच्या जनुकांची वाढलेली क्रियाशीलता यांचा संबंध पुढे आला.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कवकयुक्त रोपांची तुलना केवळ उपाशी रोपांशी करणे अपुरे होय. कवकाविना पण स्फुरद दिलेल्या रोपांचा गटही प्रयोगात हवाच. तसेच द्रव्याचे शेकडा प्रमाण आणि प्रतिझाड एकूण उत्पादन हे दोन्ही आकडे नोंदविल्याविना गुणवत्ता वाढल्याचे विधान करू नये.