पट्टीवरच्या दोन रेघा

सिकलसेल तपासणीत पहिला निकाल नुसत्या डोळ्यांनी कळतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिबिर लागलं होतं. टेक्निशियन ताई मुलाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत सोडून नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायची. मग काळ्या रेघांचा कागद नळीमागे धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या की मूल वर्गात परत. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नाव वेगळ्या यादीत.

पण रक्त वाहकाचं असो की रुग्णाचं, द्रावण गढूळच होतं. खरा निवाडा इलेक्ट्रोफोरेसिसचा. पट्टीवर नमुना लावून वीज सोडली की हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकतं. नेहमीचं ‘ए’ पुढे जातं, ‘एस’ मागे राहतं. का, तर अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून धन टोकाची ओढ कमी पडते. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच चालीतला फरक पकडला होता. ऑक्सिजन कमी झाला की ‘एस’चे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की सांधे आणि हाडं असह्य दुखतात.

पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ अशा दोन्ही रेघा आल्या तर माणूस वाहक. तो सहसा ठणठणीत असतो. गंभीर मलेरियापासून त्याला थोडं संरक्षणही मिळतं. ‘ए’ची रेघच नसेल आणि ‘एस’ ठळक असेल, तर रुग्ण.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यानंतरचं बोलणं. नातू आजारी निघालेल्या घरची सासू समुपदेशक ताईंना म्हणाली, ‘‘आमच्या घराण्यात हे नाही, सुनेच्या माहेरून आलंय.’’

ताईंनी मुलाच्या आईवडिलांचे दोन्ही अहवाल समोर ठेवले. ‘‘आजी, तुमच्या मुलाच्याही दोन रेघा आहेत बघा. बाळाला एक ‘एस’ आईकडून आला, एक बापाकडून. एकीकडूनच आला असता तर बाळ आजारी पडलं नसतं, नुसतं वाहक राहिलं असतं. आणि तुमच्या मुलाला तो तुमच्याकडून नाहीतर आजोबांकडून आलाय.’’

आजी काही बोलल्या नाहीत. सुनेने पहिल्यांदाच मान वर केली. हा अहवाल किती बायकांच्या डोक्यावरचा बोल उतरवू शकतो, हे मला तेव्हा दिसलं. तो हातात आल्यावर समजावून सांगणारं माणूस नसेल, तर निम्मं काम तिथेच राहतं.

मुलाच्या वडिलांचा हिशेब निराळा होता : चारात एक आजारी, तो झाला, आता पुढची तिघं चांगली. ताईंनी फळ्यावर चार चौकोन काढले. दोघंही वाहक असतील तर चारात एक शक्यता रुग्णाची, दोन वाहकाची, एक दोन्ही ‘ए’ची, आणि ही वाटणी प्रत्येक गरोदरपणात नव्याने सुरू होते. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच या, गर्भाची तपासणी करता येते, हेही त्यांनी बजावलं.

मग त्यांनी आजींना विचारलं, ‘‘धाकट्याचं लग्न ठरतंय ना? त्याला आजच पाठवा.’’