जुन्या आसाची पारख

तमिळनाडूतील तंजावूर शहर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे मराठी राज्य स्थापन केले. पुढे १८०३ साली, सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. याच मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षे बंद पडला होता. नवा रथ घडवून तो २०१५ साली पुन्हा सुरू झाला.

रथ पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्या कोरीव कामावर आणि कळसावर खिळते. परंतु रथाचा सारा भार पेलणारा भाग खाली, दोन चाकांच्या मध्ये दडलेला असतो. त्याला 'आस' म्हणतात. तंजावूरपासून जवळच असलेल्या तिरुवारूरचा रथ सुमारे ९६ फूट उंचीचा आहे. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. एवढा भार चालवायचा आणि वेळेवर थांबवायचा, तर चाके, आस व ब्रेक भरवशाचे असावे लागतात. हाच नियम रस्त्यावरच्या साध्या पिकअप गाडीलाही लागू पडतो.

तंजावूर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा मुलूख. सुगीच्या दिवसांत भाताची पोती शेतातून खरेदी केंद्रावर किंवा गिरणीवर न्यावी लागतात. हे काम करणाऱ्या अनेक छोट्या मालवाहू गाड्या जुन्या असतात. अशा गाडीचा मागचा आस निकामी झाला, की मालकापुढे पेच उभा राहतो. नवा आस महाग पडतो आणि गाडी उभी राहिली तर रोजची कमाई थांबते. मग मोडीत निघालेल्या गाडीचा आस आणून, तो दुरुस्त करून बसविण्याचा मार्ग पुढे येतो. हा मार्ग चुकीचा नाही. मात्र काय राखायचे आणि काय निःशंकपणे टाकून द्यायचे, हे ज्याला कळते त्यालाच तो लाभतो.

मागचा आस कोणती कामे करतो, ते प्रथम पाहू. तो गाडीच्या मागच्या भागाचा भार पेलतो. इंजिनाकडून लांब दांड्यातून आलेली गती काटकोनात वळवून चाकांकडे पाठवितो. ही गती तो कमी करतो आणि तिचा जोर वाढवितो. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी 'डिफरन्शियल' नावाची दंतचक्रांची रचना त्याच्या पोटात असते.

जुना आस विकत घेतानाच पहिली परीक्षा होते. केवळ लांबी जुळणे पुरेसे नाही. दात्यांचे प्रमाणही जुळले पाहिजे. लहान दंतचक्राला 'पिनियन' आणि मोठ्याला 'क्राऊन' म्हणतात. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर दांड्याचे ४.१ फेरे होतील तेव्हा क्राऊनचा एक फेरा पूर्ण होतो. हे प्रमाण वेगळे असेल, तर गाडीची ओढण्याची शक्ती, वेग आणि डिझेलचा खर्च यांचा मेळ बिघडतो. म्हणून दाते मोजूनच सौदा करावा. सोबत रीतसर पावती घ्यावी, म्हणजे चोरीचा माल पदरी पडण्याचा धोका कमी होतो.

गाडीखाली काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक पिकअप गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाके उचलली, की तो गाडीला रोखू शकत नाही. म्हणून पुढच्या चाकांना पुढून व मागून अडणी लावावी. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी आणि मगच खाली शिरावे.

आस उघडण्यापूर्वी त्यातील तेल काढून नीट पाहावे. तेलात बारीक करडी पूड असणे ही नेहमीची झीज होय. धातूचे कण टोचू लागले किंवा दात्याचा तुकडा सापडला, तर आत मोठी मोडतोड झाली आहे असे समजावे. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. तंजावूरच्या परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि रस्त्यांवर पाणी साचते. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला, की आतील हवा आकसते आणि सीलच्या फटींतून पाणी ओढले जाते. आसावर हवेसाठी एक लहानशी नळी असते. ती चिखलाने बुजली, तर हा धोका वाढतो.

त्यानंतर सर्व भाग धुऊन तपासावेत. आसाच्या पोकळ कवचाला 'हाऊसिंग' म्हणतात. ते वाकलेले नाही ना, हे मोजून पाहावे. जोडाच्या व पाट्यांच्या बैठकीच्या जागी तडे शोधावेत. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्याची एक जुनी रीत आहे. संशयित जागी रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसून टाकतात आणि वर खडूची पूड पसरतात. तड्यात मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते.

सर्वांत कठोर परीक्षा चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे ॲक्सल शाफ्टची घ्यावी. काही गाड्यांत भार कवचावर असतो आणि शाफ्ट केवळ चाक फिरवितो. या रचनेला 'फुल-फ्लोटिंग' म्हणतात. अनेक हलक्या गाड्यांत मात्र 'सेमी-फ्लोटिंग' रचना असते. तेथे शाफ्टला चाक फिरवावेही लागते आणि भारही पेलावा लागतो. असा शाफ्ट मोडला, तर धावत्या गाडीचे चाक निखळू शकते. शाफ्टच्या टोकाच्या खाचा सरळ न राहता पिळल्यासारख्या दिसल्या, किंवा कोठे तडा आढळला, तर तो शाफ्ट भंगारात टाकावा. त्याला वेल्डिंग करून वापरणे म्हणजे चालकाच्या व वाटसरूंच्या जिवाशी खेळणे होय.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असते. म्हणून बदलायची असल्यास दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. जोडणी करताना दात्यांमध्ये किंचित मोकळीक ठेवावी लागते. पुष्कळ हलक्या वाहनांत ती ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढी असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि डायल गेजने मोजावा. मोकळीक कमी पडली तर दाते तापतात. अधिक झाली तर ते एकमेकांवर आदळतात. दात्यांना रंग लावून चक्रे फिरविली, की ती कोठे टेकतात याचा ठसा उमटतो. तो दात्याच्या मध्यभागी यावा. बेअरिंगच्या टोप्या काढतानाच त्यांवर डावी-उजवी अशी खूण करावी. त्यांची अदलाबदल चालत नाही.

ऑइल सील व गॅस्केट नेहमी नवीन घालावेत. खरखरणारे बेअरिंग राखू नये. ब्रेक ड्रमचा व्यास त्यावर कोरलेल्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर ड्रम बदलावा. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये; जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुफ्फुसांना घातक असतात. शेवटी पुस्तिकेत सांगितलेले गिअर तेलच भरावे. या चक्रांचे दाते एकमेकांवर दाबाखाली घसरतात, त्यामुळे साधे तेल तेथे टिकत नाही.

काम पूर्ण झाल्यावर आधी रिकामी गाडी हळू चालवून पाहावी. थांबल्यावर आस बेताचा कोमट लागला तर चिंता नाही. हात ठेववत नसेल, तर जोडणी पुन्हा तपासावी. काही दिवसांनी नटबोल्ट पुन्हा आवळावेत.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण प्रमाणपत्राची तारीख येण्याची वाट पाहून आस झिजायचा थांबत नाही. म्हणून दुरुस्तीची स्वतंत्र वही ठेवावी. दात्यांची संख्या, मोजलेली मोकळीक, बदललेले भाग आणि तेल भरल्याची तारीख तीत लिहावी. गाडी पुढे दुसऱ्या कारागिराच्या हाती गेली, तरी कोणता भाग जुना आहे आणि तो का राखला, हे त्याला त्या वहीवरून कळेल. पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन रात्री निघणाऱ्या चालकाला आस दिसत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी प्रामाणिकपणे केलेल्या पारखेवर विसंबून असतो.