पंचेचाळिशीनंतर शिकायचं कुणाच्या पैशावर?

महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि वयाची अट ठेवली 18 ते 35. केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत नवं काम शिकण्याची मुभा 45 वर्षांपर्यंत आहे. आधीपासून येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र मात्र 59 पर्यंत मिळू शकतं. म्हणजे पन्नाशीतल्या कामगाराच्या जुन्या कौशल्यावर शिक्का मिळेल, नवं शिकायला मिळणार नाही. तरुणांच्या बेकारीवर योजना हव्यातच. पण काम सुटल्याचा घाव सर्वांत खोल बसतो तो याच रेषेपलीकडे. मुलांची शिक्षणं चालू असतात, कर्जाचे हप्ते थकलेले असतात आणि निवृत्तीला अजून दहा-बारा वर्षं असतात.

या दुर्लक्षाची किंमत मुंबईनं मोजली आहे. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. 1986 मध्ये केंद्रानं बंद गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. त्यातून पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत मिळे. या उतरत्या मदतीमागचं गृहीतक असं, की तीन वर्षांत माणूस दुसरीकडे रुजू होईल. पण विणकामाच्या साचेखात्यातल्या माणसाचा हात तुटलेला धागा क्षणात हेरून गाठ मारण्यात तयार झालेला होता, आणि त्या हाताला गिरणीबाहेर गिऱ्हाईक नव्हतं. तो दुसऱ्या कामासाठी कुठे आणि कसा तयार होणार, याचं उत्तर त्या निधीत नव्हतं. 1992 च्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीच्या उद्देशांत पुनर्प्रशिक्षण होतं, पण बराचसा पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा चुकवण्यातच गेला. अनेक कामगार पहारेकरी झाले, कुणी भाजीची गाडी लावली.

ही चूक टाळायची असेल, तर सिंगापूरकडे नीट बघायला हवं. तिथे 2016 मध्ये 25 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी 500 सिंगापूर डॉलर दिले गेले. 2024 मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी 4000 डॉलर मिळाले. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते 2025 चं पाऊल: पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला आधीच्या सरासरी मिळकतीच्या निम्मा भत्ता, महिन्याला कमाल 3000 डॉलर, एकूण 24 महिन्यांपर्यंत. प्रौढ माणसाला केवळ फी अडवत नाही. वर्गात बसलेल्या दिवसांत घर कसं चालवायचं, हा त्याचा खरा प्रश्न असतो. 1 जुलै 2026 पासून निवृत्तीचं वय 64 आणि पुनर्नियुक्तीची मर्यादा 69 करण्याचा निर्णयही तिथे झाला आहे. शिकण्याची सोय न करता नुसतं वय वाढवलं असतं, तर ती म्हाताऱ्या माणसांवर सक्तीच ठरली असती.

वयस्कांना टिकवलं तर तरुणांची जागा अडते, असं म्हटलं जातं. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांच्या पुढाकारानं 12 देशांत झालेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याला आधार सापडला नाही. वयस्कांना लवकर घरी पाठवल्यानं तरुणांचा रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. कमावता माणूस खर्चही करतो आणि त्यातून दुसऱ्याला काम मिळतं. एखाद्या कचेरीतल्या मोजक्या जागांवर ओढाताण होईल, हे मात्र खरं. आणि पाठ-गुडघे झिजलेल्या हमालाला प्रशिक्षण नव्हे, पेन्शनच हवी; ती द्यायचं टाळण्यासाठी या युक्तिवादाचा आधार कुणी घेऊ नये.

सिंगापूर श्रीमंत आणि छोटं, आपल्याकडे बहुतेक काम असंघटित, हा आक्षेप वजनदार आहे. तरी सुरुवातीला जागा आहे. 1996 च्या कायद्यांनी सुरू झालेला एक टक्का उपकर बांधकाम खर्चावर गोळा होतो आणि तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमतो. या मंडळाकडे 18 ते 60 वयाच्या बांधकाम कामगाराला नोंदणी करता येते. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या पन्नाशीतल्या बाईला फरशी बसवणं किंवा नळजोडणी शिकायची असेल, तर त्या दिवसांची मजुरी या निधीतून देण्याची योजना राज्य सरकारनं आखावी.