फोटो गेले नाहीत, नंबर घसरलेत : मेमरी कार्ड आणि ‘आयएमजी_०००१’ची भानगड

एपिसोड ऐकताना सेटिंगची नावं कानावरून निघून जातात, अशी तुमची तक्रार असते. म्हणून हा लिखित भाग. फाइलची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील एवढं लक्षात ठेवा.

आजचा विषय आला तो गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावहून. रेणुकादेवीचं गाव. तिथल्या एका तरुण श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता. घरचा छोटा फोटो स्टुडिओ, लग्नसराईचे दिवस, हाताखाली एक पोरगा. म्हणाला, ‘दादा, हळदीचे ४१२ फोटो होते. काल संध्याकाळपर्यंत कम्प्युटरवर दिसत होते. आज बघतो तर त्याच नंबरांवर लग्नाचे फोटो. हळद गायब! पार्टीला काय सांगू?’

लग्नाचा एखादा फोटो हुकला तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करून काढता येतो. हळद पुन्हा लावता येत नाही. त्यामुळे आधी बघू हे झालं कसं, मग बघू त्यातून काय वाचलं.

कॅमेरा फोटोला नाव कसं देतो?

कार्ड कम्प्युटरला लावलं की आत ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसतं. तुमच्या फोनमध्येही ते आहे. ही नावं कंपन्यांनी आपापल्या मनाने ठेवलेली नाहीत. जपानी उद्योगाने १९९८ साली ‘डीसीएफ’ नावाचा नियम ठरवला, म्हणजे एका कंपनीच्या कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या यंत्रात वाचता यावं.

नियम साधा आहे. डीसीआयएमच्या आत फोल्डर असतात. त्यांच्या नावात आधी तीन आकडे, १०० ते ९९९, आणि पुढे पाच अक्षरं. उदाहरणार्थ १००कॅनन, किंवा सोनीचं १००एमएसडीसीएफ. फोटोच्या नावात आधी चार अक्षरं आणि मग चार आकडे, ०००१ ते ९९९९. कॅननचं आयएमजी_०४५७, निकॉनचं डीएससी_०४५७.

म्हणजे आकड्यांना जागा चारच. ९९९९ झाले की पुढचा फोटो १०००० होत नाही, पुन्हा ०००१ होतो आणि नव्या फोल्डरमध्ये जातो. लग्नात धडाधड शटर दाबणाऱ्याला दहा हजारांचा टप्पा गाठायला किती वेळ लागतो? एक सीझनसुद्धा लागत नाही.

मग हळद गेली कुठे?

कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल नंबरिंगची सेटिंग असते. कॅननमध्ये ‘कंटिन्युअस’ आणि ‘ऑटो रिसेट’, निकॉनमध्ये ‘फाइल नंबर सिक्वेन्स’ ऑन किंवा ऑफ, सोनीत ‘सिरीज’ आणि ‘रिसेट’. कंटिन्युअस, ऑन किंवा सिरीज म्हणजे कार्ड बदललं तरी आकडा पुढेच चालतो. ऑटो रिसेट म्हणजे दरवेळी नवीन कार्ड टाकलं की परत ०००१.

आपल्या मित्राचा कॅमेरा ऑटो रिसेटवर होता. पहिल्या कार्डावर हळद, ०००१ ते ०४१२. दुसऱ्या कार्डावर लग्न, तेही ०००१ पासून, नऊशेच्या आसपास. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये कॉपी केली. विंडोजने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, रिप्लेस करू का? हाताखालच्या पोराने घाईत ‘रिप्लेस’ दाबलं. झालं! आयएमजी_०००१ ही हळदीची सुपारी होती, तिथे आता नवरदेवाची वरात.

आता बघा, ‘स्किप’ दाबलं असतं तरी सुटका नव्हती. मग लग्नाचे पहिले ४१२ फोटो कॉपीच झाले नसते, आणि कॉपी झाली असं समजून कार्ड फॉरमॅट केलं असतं तर तेही गेले असते. असा प्रश्न स्क्रीनवर आला की काहीच दाबू नका. कॅन्सल करा आणि नवं फोल्डर बनवा.

फॉरमॅट केलेल्या कार्डातून फोटो येतात का?

हळदीचं पहिलं कार्ड त्याने दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात फॉरमॅट करून एका बारशाचे ४० फोटो काढले होते. त्याने विचारलं, ‘आता संपलंच ना?’

नाही संपलं. साधं फॉरमॅट करताना कॅमेरा फोटो पुसत बसत नाही, कुठला फोटो कुठे आहे याची यादी कोरी करतो. पुस्तकातली अनुक्रमणिका फाडली तरी पानं आतच असतात, तसं. ती पानं जातात ती त्यांच्यावर नवं काही लिहिलं की. म्हणून पहिली गोष्ट सांगितली, कार्ड आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यातून काढ. आता एकही फोटो काढायचा नाही.

दुसरी गोष्ट, ‘फोटोरेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर कम्प्युटरवर चालवायचं. ते यादीकडे बघत नाही, सगळं कार्ड चाळतं आणि जेपीजी फाइलची सुरुवात जिथे दिसेल तिथून फोटो उचलतं. परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत, कम्प्युटरच्या डिस्कवर करायचे. फोनवरच्या रिकव्हरी ॲपचा या कामाला फारसा उपयोग नाही. त्यातली बरीच ॲप्स गॅलरीने साठवलेली बारकी चित्रंच उकरून दाखवतात.

रात्री त्याचा मेसेज आला, ४१२ पैकी ३६८ परत आले. गेले ते मुख्यतः सुरुवातीचे. बारशाचे फोटो त्याच जागेवर लिहिले गेले होते. पण नवरीला हळद लावतानाचे, आजीचे, मावश्यांचे फोटो वाचले.

एक अडचण उरली. फोटोरेक जुनी नावं परत देत नाही, ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा असं नाव देतं. मग क्रम कसा लावायचा? प्रत्येक फोटोच्या पोटात ‘एक्झिफ’ नावाची माहिती असते. तारीख, वेळ, कॅमेरा, लेन्स. फोल्डरमध्ये ‘डेट टेकन’प्रमाणे लावलं की हळद आपोआप ओळीत उभी राहते.

कार्डात जागा आहे, तरी कॅमेरा फोटो काढत नाही

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दोन कारणं लगेच तपासा.

एक, कार्डाच्या कडेची छोटी लॉकची पट्टी. ती खाली सरकली की कॅमेरा लिहायला नकार देतो. खिशात, बॅगेत घासून ती आपोआप सरकते.

दोन, आकडे संपलेत. फोल्डर ९९९ आणि त्यात फोटो ९९९९ झाला की पुढचं नावच उरत नाही. कार्ड निम्मं रिकामं असलं तरी कॅमेरा थांबतो. आता तुम्ही म्हणाल, ९९९ फोल्डर भरणार कोण? भरावे लागत नाहीत. कार्डावर आधीच मोठ्या नंबरचे फोटो असतील तर बरेच कॅमेरे तिथूनच पुढे मोजतात. मित्राचं कार्ड दोन तासांसाठी उसनं घेतलं की तुमचा आकडा उडी मारून त्याच्या आकड्याच्या पुढे जातो, आणि कार्ड परत दिल्यावरही खाली येत नाही. उपाय असा : फोटो कॉपी करून घ्या, नंबरिंग ‘रिसेट’ करा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. उसनं कार्ड घेतलं तर मालकाला विचारून आधी फॉरमॅट, मगच पहिला फोटो.

जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड चालत नसेल तर तो बहुधा बिघाड नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं ‘एसडीएचसी’ प्रकारची, त्यापुढची ‘एसडीएक्ससी’. जुन्या यंत्राला दुसरा प्रकार कळत नाही. आणि स्वस्तात मिळालेलं मोठं कार्ड असेल तर कामाला लावण्याआधी कम्प्युटरवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने तपासा. बनावट कार्ड ६४ जीबी सांगतं, पण आत जागा कमीच असते. त्यापुढचे फोटो नावाला दिसतात, उघडत नाहीत.

अल्बमचे नंबर जुळत नाहीत, कारण व्हॉट्सॲप

हे सगळ्या स्टुडिओवाल्यांसाठी. तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता, नवरीचा मामा निवडून लिहून देतो, ‘१२, ४५, ७८ घ्या’. तुमच्याकडे १२ नंबरला भलताच फोटो! कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, एक्झिफ काढून टाकतं आणि नाव बदलतं. आयएमजी, तारीख, मग डब्ल्यूए०००१ असं. मामा त्याच्या फोनवरचा नंबर सांगतो, तुम्ही कार्डावरचा शोधता.

म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाव तसंच राहतं. फोटो फार असतील तर छोट्या प्रती करून त्यावर कोपऱ्यात नंबर छापा आणि त्या पाठवा. मग वाद नाही.

लग्नाला निघण्याआधी एवढं करा

१. नंबरिंग कंटिन्युअसवर ठेवा. दोन कॅमेरे असतील तर जमत असल्यास नावाची अक्षरं वेगळी करा. काही मॉडेलमध्ये ही सोय आहे.

२. दोन्ही कॅमेऱ्यांनी फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो काढा. वेळेत फरक असेल तर नंतर दुरुस्त करता येतो. नाहीतर अक्षता आधी आणि अंतरपाट नंतर असा अल्बम होतो.

३. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर. तारीख, गाव, कार्यक्रम, कार्ड क्रमांक. ‘हळद_कार्ड१’, ‘लग्न_कार्ड२’.

४. नावं बदलायची तर कम्प्युटरवर कॉपी केल्यानंतर, कार्डावर नाही. कार्डावर बदललेल्या नावाचा फोटो कॅमेरा दाखवेलच असं नाही. एकदम नावं बदलायला इरफानव्ह्यू किंवा एक्झिफटूल वापरता येतं. तारीख आणि वेळ नावात घातली की ९९९९ची कटकटच संपली.

५. कार्डाचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी काढू नका.

६. फोटो दोन ठिकाणी कॉपी झाले, आकडा मोजला, मधले चार-पाच उघडून पाहिले, की मगच फॉरमॅट.

राणीसावरगावच्या मित्राने पार्टीला खरं तेच सांगितलं, इतके वाचले, इतके गेले. आणि स्टुडिओतल्या कम्प्युटरवर कागद चिकटवलाय, ‘रिप्लेस दाबायचं नाही, मला हाक मार’.

तुमच्या कार्डाची काही भानगड असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. कॅमेऱ्याचं मॉडेल, कार्ड किती जीबीचं आणि स्क्रीनवर नेमका काय मेसेज येतो, एवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!