परसातली शेती (भाग 7) : बदके केव्हा सोडायची, केव्हा काढायची

मागच्या भागात कोंबडी आणि भाजीचा वाफा यांचे जुने वैर पाहिले. कोंबडी अळी टिपते, पण उकरता उकरता रोपही उपटते. मग कीड खाईल आणि पिकाला तोंड लावणार नाही, असे जनावर मिळेल का? मिळते, पण ठरावीक दिवसांपुरतेच. ते दिवस कोणते, हे जपानमधल्या एका भातशेतकऱ्याकडून शिकण्यासारखे आहे.

ताकाओ फुरुनो हे क्यूशू बेटावरच्या फुकुओका प्रांतातल्या केइसेनचे. 1978 मध्ये त्यांनी सेंद्रिय शेती धरली आणि पुढची दहा वर्षे तण उपटण्यात घालवली. 1988 मध्ये त्यांनी भातखाचरात ‘आइगामो’ची पिल्ले सोडली. आइगामो म्हणजे रानबदक आणि पाळीव बदक यांचा संकर.

प्रमाण साधारण असे : दहा गुंठ्यांना 15 ते 20 पिल्ले. लावणीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, रोपांनी मूळ धरले की ती पाण्यात सोडायची. भाताच्या पातीत सिलिका असते, त्यामुळे ती खरखरीत लागते आणि बदके तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. कोवळे तण, गोगलगायी, तुडतुडे मात्र सोडत नाहीत. दिवसभर पाय मारून पाणी गढूळ करतात, त्यामुळे तळाच्या तणाला ऊन मिळत नाही. विष्ठेचे खत पडते ते वेगळेच.

जपानी शेतकऱ्याला तुडतुड्यांचा धाक का, हे इतिहासात दिसते. 1732 मध्ये पश्चिम जपानात तुडतुड्यांनी भात बसवला आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हाचा उपाय म्हणजे खाचराच्या पाण्यावर देवमाशाचे तेल ओतायचे आणि रोपे झोडपून किडे त्यात पाडायचे. ओकुरा नागात्सुने यांनी 1826 मध्ये यावर पुस्तकच लिहिले. तपकिरी तुडतुडा जपानच्या थंडीत तगत नाही, तो दर पावसाळ्यात वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून चीनकडून नव्याने येतो. यंदा मारला म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही. राखणदार शेतातच हजर हवा, आणि बदक तो असतो.

पण राखणदारालाही राखावे लागते. फुरुनोंच्या बदकांवर सुरुवातीला कुत्र्यांनी हात मारला. शेवटी खाचराभोवती विजेचे कुंपण आले, तेव्हा पद्धत बसली.

पुढची पायरी अनेकजण विसरतात. भात निसवला की बदके बाहेर! लोंबीत दाणा भरू लागला की कालचा मित्र चोर होतो. मोठी झालेली बदके पुढच्या लावणीत कोवळी रोपे तुडवतात, म्हणून दर हंगामाला पिल्ले नवी. जुनी पोसून मांसासाठी विकली जातात, म्हणजे एकाच खाचरातून दोन उत्पन्ने.

कोकणात किंवा मावळात ज्यांच्याकडे पाच-दहा गुंठ्यांचे खाचर आहे, त्यांनी हे करून पाहायला हरकत नाही. काही पथ्ये पाळा. उबवणी यंत्रातल्या पिल्लांच्या अंगाला आईचे तेल लागलेले नसते, ती भिजून गारठतात. त्यांना आधी उथळ पाण्याची थोडी थोडी सवय लावा. मुंगूस, कोल्हा आणि भटकी कुत्री यांच्यासाठी कुंपण आधी, पिल्ले नंतर. औषध फवारलेल्या खाचरात ती सोडू नका. आणि पालेभाजीच्या वाफ्यात बदक घालू नका : मेथी-पालकाची पाने तणाइतकीच कोवळी असतात.

पिल्ले आणण्याआधी दिनदर्शिकेवर दोन खुणा करा : लावणीनंतरचा दुसरा आठवडा आणि तुमच्या वाणाचा निसवण्याचा आठवडा. बदके त्या दोहोंच्या मध्येच शेतात असू द्या.

पुढील आठवड्यात : शेणखतातून येणारी हुमणी.