एक बोट उचललं की

गिटार शिकणाऱ्याची पहिली खरी परीक्षा 'एफ' नावाची कॉर्ड घेते. तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. बोट ठणकतं, तारा बद्द वाजतात आणि कित्येक गिटारी तिथूनच कपाटावर जातात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका काकांची गिटार कपाटावरूनच खाली आली होती. मुलगा परदेशी गेला, गिटार घरी राहिली. तो दिवाळीला यायच्या आत एक तरी गाणं वाजवायचं, हा त्यांचा हट्ट. वय बासष्ट, पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवलेली. महिनाभर 'एफ'शी झटले आणि एक दिवस म्हणाले, "सर, राहू द्या आता." त्या दिवशी मी त्यांना मेजर सेव्हन्थ शिकवली.

आधी साधी 'सी' धरा. सर्वांत जाड तार सहावी, सर्वांत बारीक पहिली. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. सहावी तार छेडायची नाही. 'सी'ला सा मानलं, तर ऐकू येतं सा, ग, प, सा, ग. आता फक्त तर्जनी उचला. दुसरी तार मोकळी झाली, वरचा सा गेला आणि त्याच्या जागी शुद्ध नी आला. झाली 'सी मेजर सेव्हन्थ'. नी सातवा, म्हणून सेव्हन्थ.

बोटांना इतकं सोपं. काकांनी तारा छेडल्या आणि चमकून विचारलं, "चुकलं ना? नीवर कसं थांबायचं?"

त्यांच्या कानाचं बरोबरच होतं. शुद्ध नी ऐकला की कान साची वाट पाहतो. सा अगदी उंबरठ्यापलीकडे, अर्ध्या स्वरावर. पण मी त्यांना तानपुऱ्याची आठवण दिली. पूरिया किंवा मारवा गाताना पंचम वर्ज्य असतो, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार नीमध्ये मिळवतात. तिथे सा आणि नी सगळा वेळ एकत्रच बोलतात. शिवाय या कॉर्डमध्ये नी खालच्या सापासून बराच वर आहे, त्यामुळे दोघांची घासाघीस बोचत नाही.

कॉर्डच्या पोटात आणखी एक गंमत आहे. सा, ग, प ही उजळ मेजर. पण ग, प, नी एवढेच स्वर काढले, तर ती मायनर, किंचित उदास. दोन्ही एकदम वाजतात. फ्रेंच संगीतकार एरिक साती याच्या १८८८ सालच्या पहिल्या 'जिम्नोपेदी'ची पियानोवरची सुरुवात अशाच दोन कॉर्ड्सच्या झोक्यावर आहे. जरूर ऐका.

नुसतं 'सी सेव्हन' लिहिलेलं असेल, तर ती वेगळी कॉर्ड. तिच्यात कोमल नी असतो. साधी 'सी' धरून करंगळी तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवा. नावात गल्लत नवखे सर्रास करतात.

आता 'एफ'चं. तर्जनी आहे तिथेच. मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. दोन जाड तारा सोडा, पहिली मोकळी वाजू द्या. ही 'एफ मेजर सेव्हन्थ'. आडवं बोट नको, ठणका नको. मात्र ती 'एफ'च आहे, असं सांगून मी कुणाला फसवत नाही. गाण्याचा सूर ठासून 'एफ'वर आला, की मोकळी पहिली तार त्याला खुपते. तेव्हा तीही सोडा. उरलेल्या तीन तारांत साधी 'एफ' मिळते.

काका हल्ली रोज एकच घोळवतात. चार मात्रा 'सी', चार 'सी मेजर सेव्हन्थ', चार 'सी सेव्हन', मग 'एफ मेजर सेव्हन्थ'. आतून सा, शुद्ध नी, कोमल नी, ध अशी पायरी उतरत जाते. पेटीवाल्या कानाला ती लगेच सापडली. "हे गाणंच आहे की," म्हणाले. त्यांची तिसरी तार अजून अधूनमधून मुकी राहते, कारण मधलं बोट आडवं होऊन तिला टेकतं. बोटाचं टोक उभं ठेवा, डाव्या हाताची नखं कापा आणि एकेक तार सुटी वाजवून बघा, एवढंच मी सांगतो. दिवाळीला पाच आठवडे आहेत.