खेळांच्या मुळाशी (भाग ९) : आपणच खोदलेली वाट

आखाडा बाळापूरच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा खडक. मातीत टिकाव चालतो, खडकाला सुरुंग लावावा लागतो. जितके खाली जावे तितका खर्च वाढतो आणि काठ ढासळण्याची भीतीही वाढते. पण पाणी खालीच असते, म्हणून माणूस खाली जातो. जपानच्या नामको कंपनीने १९८२ मध्ये आणलेला ‘डिग डग’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ समजायला एवढे ज्ञान पुरेसे आहे, आणि ते आपल्या कळमनुरी तालुक्यात घरोघरी आहे. या खेळाच्या पडद्यावर जमीन उभी कापून दाखवलेली असते. वर आकाशाची पट्टी, तिच्याखाली वेगवेगळ्या रंगांचे मातीचे चार थर. शत्रूला वरच्या थरात पंपाने फोडले तर २०० गुण मिळतात, सर्वांत खालच्या थरात ५००. खोल गेल्याचा मोबदला जास्त, हा विहिरीचा हिशेब खेळाने जसाच्या तसा उचलला आहे.

नियम थोडकेच आहेत. खोदणाऱ्याच्या हाती हवेचा पंप असतो. त्याची नळी शत्रूला लावून हवा भरत गेले की शत्रू फुगतो आणि फुटतो. शत्रू दोन जातींचे. पूका हा तांबडा, गोल, डोळ्यांवर मोठा चष्मा लावलेला. फायगार हा हिरवा आणि आग ओकणारा, मात्र आग ओकतो ती आडवीच, वर किंवा खाली नाही. मातीत अधूनमधून मोठे दगड रुतलेले असतात. दोन दगड पाडले की पडद्याच्या मध्यावर भाजी किंवा फळ उगवते, सुरुवातीला गाजर, पुढे वांगे, टोमॅटो, कांदा असे काही. ते ठरावीक वेळेत जाऊन खाल्ले तर जादा गुण. सगळे शत्रू संपले की पुढची फेरी. कितवी फेरी चालू आहे, हे वर जमिनीवर उगवलेल्या फुलांवरून कळते. हा खेळ चाळीस वर्षांनंतरही खेळला जातो, त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. का, हा या भागाचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, या खेळात चक्रव्यूह आधी रचलेला नसतो, तो खेळणारा स्वतः रचतो आणि मग त्यातच त्याला राहावे लागते. याच कंपनीचा १९८० चा पॅकमॅन शेजारी ठेवला म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते. पॅकमॅनच्या भिंती पक्क्या आहेत. प्रत्येक वेळी तोच नकाशा, त्यामुळे सराईत खेळणारे ठरावीक वळणे पाठ करून टाकत. डिग डगमध्ये सुरुवातीला शत्रू आपापल्या बंद बिळांत कोंडलेले असतात आणि बाकीची जमीन कोरी असते. खेळणारा खोदत जातो तसा नकाशा तयार होतो. पण खोदलेली माती परत भरता येत नाही. जी वाट पळण्यासाठी काढली, त्याच वाटेने शत्रू येतो. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. तिथल्या कारागिराला चुकून निघालेला दगड परत जोडता येणार नव्हता. बांधणाऱ्याला चूक काढून टाकता येते, कोरणाऱ्याला ती पुढच्या कामात सामावून घ्यावी लागते. डिग डगचा खेळाडू या कोरणाऱ्यांच्या जातीचा आहे. घाईत काढलेले वेडेवाकडे भुयार त्याला फेरी संपेपर्यंत सांभाळावे लागते. अभिमन्यूला दुसऱ्यांनी रचलेल्या व्यूहात शिरता येत होते, बाहेर पडता येत नव्हते. इथे व्यूह रचणारा आणि त्यात अडकणारा एकच असतो, म्हणून हरल्यावर दोष द्यायला दुसरे कोणी सापडत नाही.

ही गोष्ट दगडापाशी सर्वांत स्वच्छ दिसते. खेळाडू दगडाच्या बुडाखालची माती काढतो आणि बाजूला होतो. दगड लगेच पडत नाही. आधी थरथरतो, क्षणभरच, आणि मग सरळ खाली येतो. त्या क्षणात पाठलागावर असलेला पूका नेमका त्याच्या खाली असला तर चिरडला जातो, आणि एका शत्रूचे १,००० गुण मिळतात. एकाच दगडाखाली दोन सापडले तर २,५००, तीन सापडले तर ४,०००. म्हणजे पंपाने एकेकाला फोडत बसण्यापेक्षा तीन शत्रूंना मागे लावून घेऊन, एका उभ्या भुयारातून दगडाखाली आणणे कितीतरी फायद्याचे. पण त्यासाठी आधी ते भुयार तसे खोदलेले हवे, शत्रूंना तितका वेळ जवळ येऊ द्यायला हवे आणि स्वतः शेवटच्या क्षणी बाजूला व्हायला हवे. नाहीतर तोच दगड आपल्या डोक्यावर येतो. फायगारचेही तसेच. त्याला वरून किंवा खालून गाठणे बिनधोक. समोरून, म्हणजे जिथे त्याची आग पोहोचते तिथून फोडले तर गुण दुप्पट. खेळ सुरक्षित वाट बंद करत नाही, धोक्याच्या वाटेला मोल लावतो आणि निवड आपल्यावर सोडतो. जपानमध्ये त्याची जाहिरात ‘डावपेचांचा खोदकाम-खेळ’ अशीच झाली होती, आणि ती खरी होती.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो की, ही सारी बालपणाची ओढ आहे. ज्यांनी लहानपणी खेळला त्यांना तो गोड वाटतो, एवढेच. आक्षेप हलका नाही, पण पुरावा उलट बाजूला आहे. १९८५ मध्ये नामकोनेच डिग डगचा दुसरा भाग काढला. नायक तोच, पूका आणि फायगार तेच, हाती पंपही तोच. बदलले एवढेच की आता बेट वरून दिसते आणि खुंट्यांपासून जमिनीला भेगा पाडून तिचा तुकडा शत्रूंसह समुद्रात बुडवायचा. भुयार गेले. या दुसऱ्या भागाला पहिल्याची लोकप्रियता कधीच मिळाली नाही. ओळखीच्या चेहऱ्यांनीच माणसे बांधली गेली असती तर ती इथेही बांधली जायला हवी होती. दुसरा पुरावा आपल्याकडचा आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले आणि एकेका कॅसेटीत ढिगाने खेळ भरलेले असत, त्यांत डिग डगही असे. त्या यादीतून तो निवडणाऱ्या मुलांना ना नामको माहीत होती, ना नियमांची पुस्तिका मिळाली होती. शिवाय १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरने आयबीएमच्या संगणकासाठी ‘डिगर’ काढला. पाचू गोळा करायचे, सोन्याच्या थैल्यांखालची माती काढून त्या शत्रूंवर पाडायच्या. नावे, चित्रे, संगीत सगळे वेगळे, फक्त स्वतः वाट खोदण्याचे तत्त्व तेच. संगणक वेगवान झाले आणि जुना डिगर त्यांवर नीट चालेना, तेव्हा १९९८ मध्ये अँड्र्यू जेनर यांनी तो नव्याने लिहून काढला. डिग डगच्या नायकाशी ज्याचा काही संबंध नाही, असा खेळही त्याच कारणाने टिकला, हे मला निर्णायक वाटते.

दुसरा आक्षेप असा की, खेळ तोच तो आहे. त्याला कथा नाही, शेवट नाही, फेऱ्या फक्त वेगवान होत जातात. हे मान्य करायला हवे. कथा हवी असणाऱ्याने इथे येऊच नये. पण तेच तेच होते ते नियमांत. भुयार प्रत्येक वेळी नवे असते, आणि ते निव्वळ खेळाडूच्या स्वभावातून येते. धीराचा माणूस लांब उभी विहीर खणतो, घाबरट आडवा पळतो. संगीताची गोष्टही इथलीच. युरिको केइनो यांनी दिलेली चाल नायक चालत असतानाच वाजते. तो थांबला की ती थांबते, शत्रू मात्र थांबत नाहीत. मुळात त्यांच्याकडे पावलांचा आवाज मागितला गेला होता, त्यांनी त्याची धून केली. त्यामुळे दोन जणांच्या खेळात तोच सूर वेगवेगळ्या जागी तुटतो.

शत्रूला फुगवून फोडणे मुलांसाठी योग्य का, असेही काही पालक विचारतात. त्यांनी एक बारकावा पाहावा. अर्धा फुगवून सोडला तर शत्रू हळूहळू मूळ आकाराला येतो आणि तोवर त्याच्यातून सुखरूप निघून जाता येते. चांगला खेळाडू पंपाचा असा उपयोग अधिक करतो, फोडण्यापेक्षा रोखण्यासाठी.

१९९९ मध्ये नामकोने ‘मिस्टर ड्रिलर’ काढला. त्याचा नायक डिग डगच्या नायकाचा मुलगा ठरवला गेला, आणि बापाला नाव मिळाले होरी ताइझो. जपानीत त्या नावाच्या उच्चारात ‘मला खोदायचे आहे’ हा अर्थ दडलेला आहे. माळ्यावर जुना व्हिडिओ गेम पडलेला असेल तर या रविवारी कॅसेट पुसून लावून पाहा, आणि पहिली फेरी पंपाला हात न लावता, फक्त दगडांकडे बघून खोदा.